रुपरावने वाडीहून आणलेलं बी

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं की पुष्पलताबाईचं घरात लक्ष लागत नसे. सकाळी अंगणात उभी राहून ती उन्हाकडे हात करून बघायची. ऊन जरासं चावलं, की आत येऊन फळीवरची गाडगी खाली काढायची. त्यांत राखेत घोळलेलं बी असायचं. दोडक्याचं, कारल्याचं, डांगराचं, काकडीचं.

ती सावनेरकडच्या शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन खापरखेड्याला वीज केंद्राच्या कॉलनीत आली, तेव्हा तिच्या वाट्याला दोन खोल्या आणि मागे खाटभर रुंदीची मातीची पट्टी आली. नवरा शालिकराम बॉयलरवर होता. माणूस सरळ, बोलणं मोजकं. भाजी ताटात आली की खायची, ती कुठून आली याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

पुष्पलताबाईला मात्र भाजीपेक्षा बी रुजवण्याचाच नाद जास्त. बी रात्रभर पाण्यात ठेवायचं, ओल्या फडक्यात बांधायचं, आणि रोज सकाळी हात स्वच्छ धुऊन ती पुरचुंडी सोडायची. आज काही नाही. उद्या काही नाही. मग एका सकाळी दोडक्याच्या काळ्या बियांच्या टोकाला पांढरा ठिपका दिसे, आणि ती एकटीच हसे. मोड आलेलं बी पळसाच्या पानांच्या द्रोणांत, माती आणि शेणखत कालवून, एकेक करून ठेवायचं. महाशिवरात्रीपर्यंत खिडकीखाली हिरव्या द्रोणांची रांग लागलेली असे.

त्र्याहत्तर सालची गोष्ट. जानेवारी संपत आला होता. तिचा मोठा भाऊ रुपराव भेटायला आला. तो नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामावर होता. चहा पिता पिता त्याने खिशातून कागदाची पुडी काढली.

"हे पाह्य पुष्पा. खोबऱ्याच्या पोत्याईखाली सापडलं. झाडून फेकूनच देऊन राहिले होते."

पुडीत सात-आठ बिया होत्या. पण कसल्या! वालाच्या दाण्यासारखा आकार, पण अंगठ्याच्या पेराएवढ्या मोठ्या, लालसर, गुळगुळीत, आणि एका कडेने लांबच लांब काळपट रेघ.

"कायचं होय हे, दादा?"

"मले का मालूम! ट्रक तिकडून, मद्रासकडून आला होता. तुले नाद हाय म्हणून आणलं."

शेजारच्या शोभाताईने बी हातावर घेऊन लगेच खाली ठेवलं. "जहर असन वं बाई. इतकं सुंदर दिसते म्हणजे जहरच."

शालिकरामने जेवताना एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "लावाचं तं लाव. पण माहीत पडल्याशिवाय तोंडात घालू नको."

पुष्पलताबाईने दोन बिया भिजत घातल्या. त्या वर्षी थंडी रेंगाळली होती. माहेरी असं झालं की पुरचुंडी उकिरड्याच्या ऊबेत पुरून ठेवत. कॉलनीत उकिरडा कुठला? तिने ती चुलीजवळ ठेवली, गोधडीत गुंडाळली. दोडक्याला मोड आले, कारल्याला आले, पण या दोन्ही बिया फुगल्या, बुळबुळीत झाल्या आणि कुजून गेल्या. तिने आणखी दोन घातल्या. त्यांचंही तेच झालं.

तिला रुखरुख लागली. आत काय आहे ते न कळताच बी संपणार की काय! एक बी तिने सहाणेवर घासून पाहिलं. लाल सालाखाली पांढरं दिसलं. बी जिवंत होतं, फक्त त्याला ऊब पाहिजे होती.

"अजी," ती शालिकरामला म्हणाली, "तुमच्या तिथं रात्रंदिवस गरम राह्यते ना?"

"मंग?"

"हे डबी घेऊन जा ना. जरा गरम जागी ठेवा."

"बॉयलरवर बी उगवाले ठेवू? लोकं काय म्हणतीन?"

"लोकं आपले डबे गरम कराले ठेवतेच ना तिथं?"

सहाणेवर घासलेल्या तीन बिया, ओलं फडकं, त्यावर अॅल्युमिनियमच्या डबीचं झाकण. पाळीवर जाताना त्याने ती खिशात टाकली आणि जिथे सगळ्यांचे जेवणाचे डबे कोमट राहत, त्या कठड्याच्या टोकाला ठेवली.

पहिल्या दिवशी त्याने कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी फिटर मारोतरावने भाजी समजून डबी उघडली.

"काहून गा शालिकराम, हे काय खाऊन राहिला तू?"

मग सांगावंच लागलं. त्यानंतर डबीला चैन पडू दिली नाही कुणी. पाळी बदलली की येणारा माणूस आधी झाकण उचलून बघे. फडकं सुकलेलं दिसलं तर कुणीतरी पाणी शिंपडे. कुणी म्हणे हे बदामाचं झाड, कुणी म्हणे घेवडा, कुणी म्हणे औषधी काहीतरी. "झाली का बाळंत?" असं मारोतराव रोज विचारी. घरी पुष्पलताबाई दारातच उभी असे. शालिकराम सायकल लावता लावता मान हलवी, आणि ती आत जाई.

एके दुपारी तो नेहमीपेक्षा बऱ्याच उशिरा आला. सायकलवर बसून नाही, सायकल हातात धरून चालत आला होता. दुसऱ्या हातात डबी.

"चेन पडली का?" तिने विचारलं.

"नाही. हादरे बसतीन म्हणून."

त्याने झाकण काढलं. तीनपैकी एक बी उकललं होतं. करंगळीच्या टोकासारखा जाड, पांढरा मोड वाकून खाली गेला होता. दोघं बराच वेळ डबीवर वाकून उभी राहिली. एवढ्या वर्षांत शालिकराम बियाकडे असा कधी बघत राहिला नव्हता.

द्रोणात ठेवल्यावर चार दिवसांत मातीला तडा गेला आणि दोन जाडजूड दलं वर आली. फाल्गुनात तिने ते रोप मागच्या भिंतीजवळ लावलं. अंघोळीचं पाणी त्याला, तांदळाचं धुवण त्याला. वीज केंद्राच्या चिमणीची राख पानांवर बसे, ती ओल्या फडक्याने पुसायची. वेल भिंतीवर चढला, खिडकी झाकली, आणि मे महिन्यात कौलांवर गेला. बाहेर झळा लागत असताना ती मागची खोली गार राहू लागली. पण फूल नाही. आषाढ आला तरी नाही.

"नर असन तो," शोभाताई म्हणाली. "उपटून टाक, दोडके तरी लाव."

"राहू दे वं. पाहू तं खरं काय करते."

पोळ्याच्या सुमारास जांभळट गुलाबी फुलांचे घोस आले. मग शेंगा धरल्या. बोटाएवढ्या, वितीएवढ्या, आणि त्या वाढतच राहिल्या. हातभर लांब, तळव्यासारख्या रुंद, चपट्या, जरा वाकलेल्या शेंगा भिंतीवर लोंबू लागल्या. कॉलनीतले लोक बघायला येत. बघत सगळे, खायचं नाव कुणी घेत नसे.

दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी कुंपणाशी दवाखान्यातली नर्स थांबली. सरसम्मा, केरळची, दोनच महिन्यांपूर्वी बदलून आलेली. मराठी येत नव्हतं, हिंदी तोडकंमोडकं. तिने शेंगांकडे पाहिलं आणि एकदम ओरडलीच. तिच्या भाषेतलं काहीतरी होतं.

"ये कहाँ से आया? हमारे घर में है! माँ के घर में!"

पुष्पलताबाईने दार उघडलं. "खाते का याले? खाना?"

सरसम्माने मोठ्या शेंगेला हात लावून मान हलवली. ती नाही. मग पानांत चाचपून एक कोवळी शोधली, नखाने कट्टकन मोडून दाखवली. ही. नावही सांगितलं, पण ते कॉलनीत कुणाच्याच जिभेवर बसेना. त्याचा अर्थ तलवार असा काहीसा होता, एवढं कळलं.

त्याच संध्याकाळी तिने पुष्पलताबाईच्या चुलीवर कोवळ्या शेंगा बारीक चिरून, उकडून, खोबरं घालून भाजी केली. दुसऱ्या दिवशी पुष्पलताबाईने आपल्या पद्धतीने केली, तिखट आणि शेंगदाण्याचा कूट घालून. शालिकरामने पहिला घास बराच वेळ चावला.

"कशी हाय?"

"वालासारखी लागते. पण वालाहून मोठी." दुसरा घास घेत तो म्हणाला, "मारोतरावलेही नेतो जराशी."

पुढल्या संक्रांतीच्या सुमारास सरसम्मा रजेवरून परत आली, ती सरळ पुष्पलताबाईकडे. पिशवीतून तिने चार पुड्या काढल्या आणि एकेकीवर बोट ठेवून सांगायला लागली, "ये वाला न, ये..."

पुष्पलताबाईने तिचा हात धरला. "सांगू नको. अभी मत बोल."

"क्यों?"

"उगवल्यावर पाहू."

सरसम्मा चकित होऊन बसून राहिली. पुष्पलताबाईने चार वाट्या मांडल्या, त्यांत पाणी ओतलं आणि पहिली पुडी सोडली. आतलं बी बारीक होतं, काळं, कडेला दाते असलेलं. ते तिने उजेडात धरलं आणि इकडून तिकडून फिरवून बघत राहिली.