लेस्टरहून आलेली कॅसेट

आमचं घर अमेरिकेत, शॉमबर्गला. टीव्ही मोठा, गाडी लांबलचक, फ्रिजमधून बर्फ आपोआप पडायचा. इंग्लंडात, लेस्टरला राहणाऱ्या मामाकडे यातलं काहीच नव्हतं. तरी आईच्या तोंडी सदानकदा मामेभावाचंच कौतुक! तो अकरा वर्षांचा, माझ्याहून वर्षाने लहान, आणि रबरी बटणांच्या एवढ्याशा कॉम्प्युटरवर स्वतः गेम लिहायचा. मासिकात छापलेल्या प्रोग्रामच्या ओळीच्या ओळी टाइप करून शिकला म्हणे, आणि गेम साठवायचा गाण्यांच्या असतात तसल्या साध्या कॅसेटवर. माझे गेम दुकानातले, नुसते खेळायचे. "तो बनवतो, आणि तू?" आई म्हणायची. माझा तिळपापड व्हायचा.

फोन महाग, म्हणून आई आणि मामा कॅसेटवर बोलून पाठवत. कॅसेट एकच. ऐकून झाली की तिच्यावरच आपलं बोलणं रेकॉर्ड करून परत धाडायची.

एकदा शाळेतून येताना पोस्टाच्या पेटीतून पाकीट मीच काढलं. आत कॅसेट आणि माझ्या नावाची चिठ्ठी. "ताई, यात आत्यासाठी बोलणं नाही, मी केलेला गेम आहे. तुमच्या अमेरिकन कॉम्प्युटरवर चालणार नाही, पण तुझ्यासाठी केलाय. जपून ठेव. माझ्याकडे दुसरी कॉपी नाही."

चालणारही नाही असा गेम पाठवतो! केवढी ऐट! मी चिठ्ठी भूगोलाच्या पुस्तकात दडवली आणि कॅसेट किचन टेबलावर ठेवली.

आईने ती टेपरेकॉर्डरला लावली. मामाच्या आवाजाऐवजी नुसती कर्कश किरकिर.

"अगंबाई, पोस्टात खराब झाली वाटतं."

"झाली असेल," मी म्हणाले.

आईने रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. थंडी, हळदीकुंकू, माझे गणितातले मार्क, सगळं सांगितलं. शेवटी मीही गोड आवाजात "नमस्कार मामा" म्हटलं. इतका आनंद मला कुठला गेम जिंकून झाला नव्हता.

दीड महिन्याने तीच कॅसेट परत आली. या वेळी मामेभाऊ बोलत होता. "आत्या, डोन्ट वरी. ताईच्या चिठ्ठीत सांगितलं होतं, पण विसरली असेल ती. पुसलेला गेम मी आठवून आठवून पुन्हा टाइप केलाय, टू वीक्स लागले, या वेळी माझ्याकडेच ठेवलाय. गेममधली मुलगी ताईच आहे, दोन वेण्यांवाली. तिचे लाइव्ज कधी संपतच नाहीत."

आईने टेप थांबवला. "कुठली चिठ्ठी?"

मी पुस्तकातून काढून दिली. तिने ती वाचली, रागावली नाही, फक्त टेपरेकॉर्डर माझ्याकडे सरकवला. "बोल."

"दुसरी कॅसेट दे ना."

"का? आपण याच्यावरच बोलतो."

खरं सांगते, तेव्हाही मी त्याच्यावर जळतच होते. पुन्हा दोन आठवडे बसला, आणि एक वाकडा शब्द नाही! मी टेप मागे नेला, लाल बटण दाबलं आणि "सॉरी, मीच केलं" म्हणाले. मग "आत्या, डोन्ट वरी" पुसलं जाताना बटण तसंच धरून बसले.