डबा रिकामा परत केला तेव्हा

ट्रॅव्हल नर्सच्या नोकरीत एक मोठी सोय असते, ती कुणी जाहिरातीत लिहीत नाही. कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणावं लागत नाही. तीन महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की गाडीत दोन बॅगा, राइस कुकर आणि आपली उशी टाकायची आणि दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या हॉस्पिटलात रुजू व्हायचं. मागच्या गावात कुणी कितीही गळ्यात पडलेलं असलं, तरी ते आपोआप सुटतं. अशी मी बरीच वर्षं सुटत आले होते. मला माणसांचा कंटाळा नाही. उलट माणसं मला फार लवकर आवडतात, आणि तीच पंचाईत आहे.

ओहायोतल्या डब्लिनला आले तेव्हा एका मराठी जोडप्याच्या बेसमेंटमध्ये जागा मिळाली. काका कॉम्प्युटरच्या नोकरीतून रिटायर झालेले. काकू मूळच्या नागपूरच्या. मुलगा तिकडे कॅलिफोर्नियात सनीव्हेलला, तो फोनवर आईशी इंग्रजीत बोलायचा आणि आई त्याला मराठीत रागवायची. मी आले आणि काकूंना मराठीत उत्तर देणारं कुणीतरी मिळालं.

माझी ड्यूटी रात्रीची. सकाळी घरी येऊन पडदे ओढायचे आणि दुपार उलटेपर्यंत झोपायचं, हा माझा दिवस. हे काकूंना माहीत होतं. पण जेवणाच्या वेळी झोपलेली मुलगी म्हणजे उपाशी झोपलेली मुलगी, यावर त्यांचा ठाम विश्वास. भर दुपारी दार वाजायचं. दारात काकू, हातात स्टीलचा गरम डबा.

“झोपून राहिली होती का गं?”

“नाही काकू, जागीच होते,” मी गालावर उशीचे वळ घेऊन सांगायची.

डब्यात कधी गोळाभात, कधी पुडाची वडी, कधी नुसतं वरण आणि वर तुपाची धार. मी तिथेच उभ्यानं खायची आणि डोळे भरून यायचे. थोडे प्रेमानं आणि बरेचसे झोपेनं.

आता डबा आला म्हणजे तो परत करणं आलं. आणि आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. मिरजेला आमची आई शेजारच्यांच्या वाटीत निदान चिमूटभर साखर टाकल्याशिवाय ती परत द्यायची नाही. पण गोळाभाताच्या बदल्यात चिमूटभर साखर शोभली नसती. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी भडंग केलं. पुढच्या वेळी रव्याचे लाडू. काकूंनी खूप कौतुक केलं आणि दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा डबा पाठवला. मग मी त्याहून मोठा खटाटोप केला.

त्यात रविवारची भर. वर जेवायला बोलावणं असायचं. कुणीतरी पुण्याहून किंवा मुंबईहून आलेले आईवडील घेऊन यायचं. श्रीखंड खाऊन होईपर्यंत सगळं छान, मग कुणाच्या तरी खुर्चीखालून प्लास्टिकची फाइल निघायची. “ही आमची नर्स आहे, हिला दाखवा,” काकू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायच्या. त्या हातात इतका अभिमान असायचा की मी मुकाट्यानं रिपोर्ट वाचायला बसायची.

गंमत म्हणजे हॉस्पिटलात मला नाही म्हणता येतं. सुट्टीच्या दिवशी एक्स्ट्रा शिफ्टसाठी फोन आला की मी शांतपणे सांगते, “सॉरी, आय ॲम नॉट अवेलेबल.” विषय संपतो. कुणी कारण विचारत नाही आणि मीही देत नाही. रात्रभर वॉर्डात कितीही घंट्या वाजोत, सकाळी चार्ज दुसऱ्या नर्सच्या हाती दिला की माझी जबाबदारी संपते. हे मला नव्या मुलींना शिकवताही येतं. पण हीच मी घरी काकूंपुढे गेले की तोंडातून ‘हो काकू’च निघायचं.

एका सकाळी ड्यूटीवरून आले, ड्राइव्हवेत गाडी उभी केली आणि उतरलेच नाही. काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, फोडणीचा वास येत होता. ज्या बाईच्या हातचं खाऊन मला परक्या गावात घर मिळालं होतं, तिला दिसू नये म्हणून मी स्टिअरिंगमागे डोकं खाली घालून बसले होते. मला स्वतःची भयंकर चीड आली.

त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या मॅनेजरबाईंनी विचारलं, आणखी तीन महिने थांबशील का? वॉर्ड मला आवडला होता. काका-काकू तर फारच आवडले होते. मन हो म्हणत होतं आणि अंग म्हणत होतं, पळ. तेव्हा कळलं की आपण आजवर प्रत्येक गावातून कॉन्ट्रॅक्ट संपलं म्हणून निघालो नव्हतो. कुणाला नाही म्हणायला लागू नये म्हणून निघालो होतो. यावेळी मला राहायचं होतं, आणि राहायचं तर काकूंना सांगणं भाग होतं.

मी डबा घासला, पुसला आणि तसाच वर घेऊन गेले. ओट्यावर ठेवला. झाकण उघडंच ठेवलं, नाहीतर माझा धीर सुटला असता.

“काकू, आज डबा रिकामा आहे. माझ्यात काही करायची ताकद नाही. आणि दुपारी दार नका ना वाजवू, मी झोपलेली असते. रोजच झोपलेली असते. रविवारी जेवायला येईन, पण ती फाइल नको.”

काकूंनी डब्यावर झाकण लावलं. मग “बरं” म्हणाल्या आणि गॅसकडे वळल्या.

त्यानंतर दार वाजलं नाही. मी मेल्यासारखी झोपले आणि उठून रडले. सगळं मनासारखं झालं होतं आणि मला मुळीच बरं वाटत नव्हतं. काकूंचा आवाज वरून यायचा, पण खाली कुणी येत नव्हतं. मॅनेजरबाईंना उत्तर द्यायचा दिवस आला. मी आधी ठरवलं, नको, जावं. मग ठरवलं, काकू बोलोत न बोलोत, यावेळी पळायचं नाही. मी हो कळवून टाकलं.

त्या दिवशी झोपून उठल्यावर गाडीतून किराणा काढत होते, तर काका टपालपेटीशी भेटले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “थँक यू हं.”

“कशाबद्दल, काका?”

“अगं, तो डबा तू स्टॉप केलास. हिचे गुडघे किती दुखतात, माहितीये ना? मी रोज म्हणायचो, एक दिवस कॅन्सल कर. तर म्हणे, ती पोरगी नाइट करून माझ्यासाठी लाडू वळते, तिचा डबा मी रिकामा कसा पाठवू?”

मी तिथेच उभी राहून हसत सुटले, आणि हसता हसता रडू आलं. आम्ही दोघी एकमेकींना दमवत होतो, आणि दोघींनाही वाटत होतं की आपण फक्त परतफेड करतोय.

संध्याकाळी ड्यूटीला निघण्याआधी जिन्यावर पावलं वाजली. काकू कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली आल्या. हातात काही नव्हतं. त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ते स्वेटरच्या खिशात घातले.

“आज काही आणलं नाही बरं का मी.”

“बरं केलंत.”

त्या माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या. थोडा वेळ खोली बघितली, जणू पहिल्यांदाच आल्या होत्या. मग म्हणाल्या, “खूप थकतेस का गं?”

“हो,” मी म्हणाले. काकूंना मी हे आधी कधीच खरं सांगितलं नव्हतं. “तुम्ही?”

“मी पण,” काकू म्हणाल्या, आणि गुडघ्यावरून हात फिरवला. “तुझे तीन महिने संपत आले ना? आता कुठलं गाव मग?”

“कुठलंच नाही. थांबतेय मी इथे. सकाळीच हो म्हटलं.”

काकूंचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. गुडघ्यांवर हात टेकून त्या लगेच उठायला लागल्या. “अगं मग थांब, काहीतरी गोड...”

“काकू, बसा.”

आणि काकू बसल्या.