कोरड्या प्लेटा

अकोल्यात जुन्या परदेशी गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडायचा म्हटला की बाकीचे मेकॅनिक हात वर करायचे आणि पुंजाजींचा पत्ता सांगायचे. पुंजाजींना त्याचा तोरा होता. काम चालू असताना कोणी नुसतं डोकावलं तरी खेकसायचे. त्यांना उलट बोलणारी एकच होती, बायको भागीरथा, आणि ती या उन्हाळ्यात गेली.

अमरावतीला नर्स असलेली मुलगी नीलम तेव्हापासून मागे लागली होती.

"बाबा, हात थरथरून राह्यले तुमचे. गॅरेजले कुलूप लावा अन् माह्याकडं या."

"अंजनगावच्या गोवर्धनची गाडी आली हाय. तिचा गिअरबॉक्स माह्या हातून नीट बसला त गॅरेज चालू राहीन," पुंजाजी म्हणाले. "नाही बसला त येतो मी."

आजोबांच्या त्या गाडीतून गोवर्धनला पोराची वरात काढायची होती. पुंजाजींनी गिअरबॉक्स उतरवला, भागीरथाच्या जुन्या लुगड्यावर एकेक भाग ओळीनं मांडला, धुतला, पुसला. नव्या क्लचप्लेटा पाकिटातून काढल्या, तेलाचं बोट फिरवलं आणि बसवून टाकल्या. गाडी गल्लीतून अशी गुळगुळीत फिरली की त्यांनी लगेच नीलमला फोन लावला.

"मी कुठंच येत नाही," त्यांनी ऐटीत सांगितलं.

गोवर्धन गाडी घेऊन अंजनगावला निघाला, पण ती वाटेत दर्यापूरच्या अलीकडेच थांबली. इंजिन नुसतं ओरडत होतं, चाक हलत नव्हतं. दोर बांधून ती परत आणली. गोवर्धन रागावलाही नाही.

"जाऊ द्या काका, म्हातारी गाडी हाय," तो म्हणाला. ते पुंजाजींना शिवीपेक्षा लागलं.

त्यांनी गिअरबॉक्स पुन्हा उघडला. प्लेटा जळून काळ्या पडल्या होत्या. प्लेटा आतून तेल प्यायलेल्या लागतात, वरून बोट फिरवून भागत नाही; कोरड्या बसवल्या की असंच होतं, त्यांना ते पाठ होतं. मग आपल्याकडूनच कसं झालं? डोकं धरून ते पाणी प्यायला घरात गेले, आणि फळीवर ते तेलकट पातेलं दिसलं.

नव्या प्लेटा आदल्या संध्याकाळी तेलात टाकायचं काम भागीरथाचं. एका भांड्यात सकाळच्या उसळीचे हरभरे भिजवायची आणि या पातेल्यात प्लेटा. पुंजाजींच्या हातात त्या आयुष्यभर भिजलेल्याच आल्या. स्वतः भिजवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. कोणी भिजवतं, हेही त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. पातेलं मांडीवर घेऊन ते खूप रडले.

मग नव्या प्लेटा मागवल्या, त्याच पातेल्यात भिजत घातल्या आणि दुसऱ्या दिवशी बसवल्या. गाडी बिनतक्रार अंजनगावला पोचली. वरात झाली, गोवर्धननं पेढे पाठवले. पुंजाजींनी पातेलं पुसून पिशवीत भरलं आणि नीलमला फोन केला.

"येतो मी."

"कावून? गाडी त चालली ना?"

"चालली. पण थे गॅरेज तुह्या मायचं होतं, नीलम. मले आता समजलं."