परसातला फ्रिज

माझे सासरे फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नाहीत, ‘तक्रार काय?’ म्हणतात. उभा जन्म लोकांचे फ्रिज दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे जिभेला तेच वळण. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा फोन केला तेव्हाही हेच. मी म्हटलं, ‘अजून तरी काही नाही.’ तेव्हापासून आमचं बरं जमतं.

गुडघ्यांनी दगा दिला आणि बाबांनी दुकान बंद केलं. मग रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं सुरू झालं. स्वयंपाकघरातल्या धडधाकट फ्रिजला कान लावून बसायचे. मोटर जरा खाकरली की डोळे चमकायचे. शेवटी सासूबाई वैतागल्या.

‘अहो, त्याला काही झालेलं नाही, तुम्हाला झालंय. परसात जा आणि मला खतासाठी काहीतरी करून द्या.’

आईंची परसबाग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण माती विटेसारखी कडक झाली होती, वांगी लिंबाएवढीच राहायची. घरचा ओला कचरा कुजवून खत करायचं त्यांच्या मनात कधीचं होतं. बाबांनी मागच्या शेडमधलं सामान उपसलं. बंद पडलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम काढला, मोडक्या खुर्चीच्या पायांवर बसवला, वर पंख्याची जाळी आणि गोणपाट टाकलं. झालं काम. पण त्यांचं तोंड वाकडंच.

‘ही चाळण आहे नुसती. यात कसली आलीय कारागिरी?’

कारागिरी त्यांनी पुढच्या वस्तूत ओतली. घरातला पहिला फ्रिज शेडमध्ये उभा होता. संसार मांडला तेव्हा आणलेला. मोटर आणि गॅस बाबांनीच कधी काळी काढून ठेवलेले. दारावर माझ्या नवऱ्याने लहानपणी चिकटवलेली मोटारगाड्यांची स्टिकरं होती. तो फ्रिज बाबांनी विटांवर आडवा झोपवला, दार वर आलं, म्हणजे झाकण आयतंच. आतल्या जाळ्यांची खत चाळायची चाळणी केली. दाराला कडेने कोरं रबर बसवलं. मग फटीत कागदाचा कपटा धरून दार लावलं आणि आम्हाला प्रत्येकाला तो ओढून बघायला लावला. रबर पक्कं असेल तर कपटा निसटत नाही, ही त्यांच्या धंद्यातली परीक्षा. दूधवाल्यालाही सोडलं नाही. कपटा फाटला, पण निघाला नाही. बाबांची छाती फुगली.

फ्रिज भरला. भाजीची देठं, चहाचा चोथा, सालं, सगळं आत; मावेना ते ड्रममध्ये. काही दिवसांनी दार उघडलं आणि मी उलट्या पावली घरात पळाले. शेजारच्या शिवणवाल्या मावशींनी मशीन थांबवून खिडकीतून विचारलं, ‘अगं, तुमच्याकडे काही मेलंय का?’

बाबांचं निदान तयार होतं. वास बाहेर येतोय म्हणजे रबर कमी पडतंय. त्यांनी आतून दुसरं रबर लावलं! पुढच्या वेळी दार उघडलं तेव्हा मावशींनी खिडकीच बंद केली.

आईंचा पारा चढला. ‘रविवारी भंगारवाला यायचाय. तोवर वास गेला नाही, तर फ्रिज त्याच्या गाडीवर जाईल. आणि परसातली तुमची खुडबूडही बंद!’

बाबांनी हत्यारांची पेटी बंद करून शेडमध्ये ठेवली. मला मनापासून वाईट वाटलं. दुकान गेल्यावर तेवढा एकच कोपरा त्यांचा उरला होता, तिथे ते परत शीळ घालायला लागले होते.

रविवारी सकाळी मी सालं टाकायला ड्रमवरचं गोणपाट उचललं. आत काळसर, भुसभुशीत. वास म्हणाल तर ओल्या मातीचा. मी बाबांना हाक मारली.

‘बाबा, या ड्रमची तक्रार काय?’

‘काही नाही.’

‘का नाही?’

त्यांनी ड्रमच्या एका भोकात बोट घातलं. मग नाइलाजाने म्हणाले, ‘भोकं आहेत त्याला. हवा खेळते.’

एवढं बोलून ते ड्रिल मशीन घेऊन आले. फ्रिजच्या कुशीला टोक लावलं. पण बटण काही दाबवेना.

‘सूनबाई, बर्फ काढायला सुरी घालून फ्रिजला भोक पाडणाऱ्या लोकांना मी जन्मभर झापलं. आता मीच पाडू?’

तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याची आरोळी आली. आई पदराला हात पुसत बाहेर आल्या. एकदा बाबांकडे बघितलं, एकदा स्टिकरांकडे.

‘द्या इकडे,’ म्हणाल्या आणि त्यांनी ड्रिल हातात घेतलं. ‘कुठे पाडू?’

घर्रर्र करत पहिलं भोक पडलं. आतला पिवळा फोम भुसा होऊन आईंच्या साडीवर उडाला. दुसरं भोक वर गेलं, तिसरं भलतीकडेच.

‘अगं, सरळ धर! रांगेत तरी पाड!’ बाबांना राहवेना. ‘हे काय, उंदराने कुरतडल्यासारखं? सोड ते.’

ड्रिल त्यांच्या हातात गेलं आणि पुढची सगळी भोकं पट्टी लावल्यासारखी आली. भंगारवाला फाटकाशी चहा पीत मजा बघत होता. त्याच्या पदरात फक्त दोन रबरं पडली.

मग सुका पाला आला, पुठ्ठ्याचे तुकडे आले, रोज वरखाली करणं आलं. वास गेला, मावशींची खिडकी उघडली. आणि थंडीतल्या एका सकाळी परसातून आईंची हाक आली, ‘अहो, आधी इकडे या!’

बाबा लगबगीने निघाले. ‘तक्रार काय?’

आईंचा हात कोपरापर्यंत फ्रिजमध्ये होता. ‘तुमचा फ्रिज गार करत नाही. चांगला गरम लागतोय.’

बाबांनीही हात घातला. आतून वाफ येत होती, कचऱ्याचं खत व्हायला लागलं होतं. बराच वेळ दोघांपैकी कुणी हात बाहेर काढला नाही.

‘राहू दे,’ बाबा म्हणाले. ‘ही तक्रार मी दुरुस्त करणार नाही.’