ते पेज ग्यारावर असन

काकांचं ठरलेलं: काउंटरच्या काचेवर प्लास्टिकची थैली ठेवायची. तिच्यातून घडी घातलेला वर्तमानपत्राचा कागद काढायचा, काचेवर पसरायचा आणि तळहातानं चार वेळा दाबून सपाट करायचा. मागे चार गिऱ्हाइकं उभी आहेत, कोणाला ताप आहे, कोणाची बस सुटते आहे, याच्याशी काही घेणंदेणं नाही. कागद सपाट झाला की मग मान वर.

"हे पेपरात आलं आहे, डॉक्टरसाहेब."

मी डॉक्टर नाही. बालाघाटच्या बस स्टँडजवळ माझं छोटं मेडिकल आहे आणि मी फार्मासिस्ट आहे. हे मी काकांना किती वेळा सांगितलं असेल, ते मोजणं मी कधीच सोडून दिलं.

"गोळ्या तूच देतं ना?"

"चिठ्ठी पाहून देतो, काका."

"मंग झालं ना!"

तुमच्याही ओळखीत असा एक माणूस असेल. येताना दिसला की आपण फोन कानाला लावतो. मी तर कित्येकदा बंद फोन कानाला लावला आहे. काका समोरच्या बाकावर बसून फोन संपायची वाट पाहत. दुसऱ्याला संकोच वाटावा इतक्या धीरानं वाट पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांना टाळणं मला शोभत नव्हतं, हेही सांगून टाकतो. भरवेलीच्या खाणीत काका आणि माझे वडील एका पाळीत काम करायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. फार्मसीचा फॉर्म भरायचा होता तेव्हा वडिलांना सुट्टी मिळाली नाही. काकांनी आपली सुट्टी टाकली, मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून तहसीलला नेलं आणि दाखल्यासाठी दोन दिवस माझ्यासोबत रांगेत उभे राहिले. "पोरगा गोळ्या वाटाले शिकून राह्यला," असं ते रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होते. मला तेव्हाही लाजच वाटली होती.

तर तो कागद. काकांनी तो छापून आला तेव्हा वाचला नव्हता. बस स्टँडवर घेतलेल्या भज्यांबरोबर तो त्यांच्या हातात आला होता. एका कोपऱ्यात तेलाचा मोठा डाग, तिथली अक्षरं पलीकडच्या अक्षरांत मिसळलेली. हिंदीतली बातमी होती. काही जातीच्या जंगली छत्र्यांमध्ये, म्हणजे अळंब्यांमध्ये, मनावर खोल परिणाम करणारं एक द्रव्य असतं. पूर्वी विदेशात त्यावर काम चालायचं, मग बंदी आली, सगळं थांबलं. आता शास्त्रज्ञ पुन्हा त्याकडे वळले आहेत. कोणत्याच गोळीनं न हटणारी उदासी ज्यांना आहे, अशा लोकांवर देखरेखीखाली प्रयोग चालू आहेत आणि काहींना बरंच बरं वाटलं आहे. प्रयोगात घेण्याआधी रुग्णांची चालू असलेली औषधं बंद केली जातात, असं एक वाक्य होतं. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, 'शेष पेज ११ पर'.

पेज अकरा काकांकडे नव्हतं. ते दुसऱ्या कोणाच्या तरी भज्यांसोबत गेलं होतं.

हे सगळं कशासाठी, तेही सांगतो. काकांच्या घरी मावशी होत्या, म्हणजे त्यांची बायको. पूर्वी मावशींचा आवाज खाण कॉलनीच्या तीन ओळी पार करून आमच्या घरी यायचा. नळावर त्यांचा नंबर कोणी मोडायचा नाही. काकांना तर त्या दिवसातून दहा वेळा उभं-आडवं घ्यायच्या आणि काका विडी ओढत हसत बसायचे. चार वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा लामत्याच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून गेला. त्या दिवसापासून आवाज बंद. गोंदियाहून महिन्यातून एकदा येणाऱ्या मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी फरक पडला होता. मावशी उठत, अंघोळ करत, भाकरी टाकत. विचारलं तर 'हौ' म्हणत, 'नाई' म्हणत. एवढंच.

"एवढं तरी झालं ना काका," मी म्हणायचो.

"झालं ना. पण चार वर्स झाले, बापू, एक शिवी नाई खाल्ली मी. माणसाले घरात कसं वाटन?"

मी दुसऱ्याची चिठ्ठी हातात घ्यायचो.

मग त्यांची उलटतपासणी सुरू व्हायची. माझीच, दुसऱ्या कोणाची नाही.

"हे औषध तुयाकडे कधी येईन?"

"येणार नाही. आपल्याकडे बंदी आहे त्यावर. माझ्या दुकानात सापडलं तर मी आत जाईन."

"मंग तिकडे काहून देऊन राह्यले?"

"ते सरकारची परवानगी घेऊन देतात. प्रयोग आहे तो."

"त तू घे ना परवानगी. तू त शिकला आहेस."

"काका, ते किती द्यायचं, कोणाला द्यायचं, कोणाला चालतच नाही, हे मला तरी कुठं माहीत आहे?"

"ते पेज ग्यारावर असन."

हे त्यांचं पालुपद. ज्या प्रश्नाचं उत्तर दोघांकडे नसे, त्याचं उत्तर पेज ग्यारावर असे. औषध कडू असतं का? पेज ग्यारावर असन. मुलगा गेला ते मावशींना आठवणार की विसरणार? पेज ग्यारावर असन. आणि मग जाता जाता, सायकलचं स्टँड काढताना, "पाहजो ना बापू, तुया मोबाइलवर भेटते काय ते पेज."

"पाहतो," मी म्हणायचो. गिऱ्हाईक असायचं. किंवा नसायचं, तरी मी 'पाहतो'च म्हणायचो.

श्रावणात एक दिवस तर त्यांनी कमालच केली. थैलीतून कागदाऐवजी पळसाच्या पानांचा पुडा निघाला. उघडला तर आत पंधरा-वीस छत्र्या, पिवळट, बारीक देठाच्या, शेण लागलेल्या. काउंटरवर, खोकल्याच्या बाटल्यांच्या शेजारी. बाजूला उभ्या असलेल्या बाईंनी आपली पिशवी उचलून छातीशी धरली.

"हे तेच होय काय, पाहून सांग."

"काका! कुठून आणलं हे?"

"गोठ्यामागून. सात्या मी वळखतो, ह्या सात्या नोय. म्हणून म्हटलं, तेच असन."

आमच्याकडे पावसाळ्यात सात्यांची भाजी होते, त्या छत्र्या जुनी माणसं डोळे मिटून ओळखतात. पण सात्या नाहीत म्हणजे औषधच, हा हिशेब फक्त काकाच करू जाणोत.

"अहो, विषारी निघाली तर माणूस दोन दिवसांत जातो. लिव्हर जातं. मी काही छत्र्या तपासणारा नाही!"

"म्हणून त तुले दाखवाले आणलं. तिले थोडंच देऊन राह्यलो? आधी मी चाखून पायतो म्हटलं."

मी तो पुडा उचलला आणि समोरच्या नालीत फेकला. हात तीनदा साबणानं धुतले. काका बाकावर बसून नालीकडे पाहत होते. म्हणाले, "पान तरी ठेवाचं होतं. चांगलं होतं पान."

त्यानंतर दोन महिने ते शहाण्यासारखे वागले. वेळेवर येत, मावशींच्या गोळ्यांच्या पट्ट्या घेत, कागद सपाट करत, विचारत, जात. मला वाटलं, उतरलं खूळ.

मग एका सोमवारी थैली काचेवर आली आणि तिच्यातून पट्ट्या निघाल्या. एक, दोन, तीन... नऊ. एकाही पट्टीतली एकही गोळी काढलेली नव्हती.

"हे वापस घे, बापू. लागत नाई."

"लागत नाही म्हणजे?"

"तिले तयार करून राह्यलो ना. पेपरात लिवलं आहे, पयले जुनं औषध बंद करा लागते. म्हटलं, तुयाकडे ते नवं आलं आन् हिचं जुनंच चालू असलं, त नंबर जाईन."

"मग दर वेळी पट्ट्या कशाला घेत होता?"

"नाई घेतल्या असत्या त तू काहून म्हणून इचारलं असतं."

माझ्या तोंडून पुढे जे निघालं, ते मी भर बाजारात, भर गिऱ्हाइकांत, माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाला बोललो. "भज्याच्या कागदावर डॉक्टरकी करता? बाई मारून टाकता का? अक्कल आहे का नाही?" हेही म्हणालो, आणि याहून वाईटही. रस्त्यापलीकडचा पानवाला उठून उभा राहिला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. पट्ट्या एकावर एक रचल्या. मग हळू आवाजात म्हणाले, "मी त तुले इचारलं होतं, बापू. दर डाव इचारलं."

मी शटर अर्धं ओढलं आणि मोटरसायकलवर त्यांना मागे बसवून भरवेलीला गेलो.

मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. केसांच्या जटा झाल्या होत्या. उशाशी ताटलीत भाकरी वाळून वाकडी झाली होती. मी हाक मारली तर 'हौ' सुद्धा आलं नाही. त्याच दिवशी गाडी करून त्यांना गोंदियाला नेलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, मी काकांवर ओरडलो होतोच, त्यामुळे हिशेब पुरा झाला. दहा दिवस तिथे ठेवलं. गोळ्या पुन्हा अगदी थोड्यापासून सुरू झाल्या.

परत आल्यावर मी वाचनालयात गेलो. तिथे जुने अंक गठ्ठे बांधून ठेवतात. काकांच्या कागदावर तारीख होती, ती मला पाठ झाली होती. वीस मिनिटं लागली. पैकी दहा मिनिटं धूळ झटकण्यात गेली.

पेज अकरावर लिहिलं होतं की हा इलाज अजून प्रयोगातच आहे, सगळ्यांना लागू पडत नाही, काहींना त्रासही होतो. लिहिलं होतं की जंगलातल्या छत्र्या कोणीही खाऊ नयेत. आणि लिहिलं होतं की चालू गोळ्या कोणीही आपल्या मनानं बंद करू नयेत, डॉक्टरच त्या हळूहळू कमी करतात. त्याखाली शेवटचा लहानसा मजकूर होता. औषध दिलेल्या माणसाजवळ दिवसभर कोणीतरी बसून राहतं. त्याला उपदेश करत नाही, प्रश्न विचारत नाही. फक्त बसतं, आणि त्यानं हात मागितला तर हात देतं.

मी उभ्या उभ्याच ते दोनदा वाचलं. वीस मिनिटं. काका विचारत राहिले त्या दीड वर्षात माझ्याकडे वीस मिनिटं नव्हती.

झेरॉक्स घेऊन मी काकांच्या घरी गेलो. त्यांनी ती ओट्यावर पसरली, तळहातानं चार वेळा दाबली, जरी झेरॉक्सला एकही घडी नव्हती, आणि बोट फिरवत फिरवत सगळं वाचलं. मी माफी मागायची तयारी करून गेलो होतो. त्यांनी मला वेळच दिला नाही.

"हे त पयल्या पेजवर छापाले पायजे होतं!" एवढे संतापलेले काका मी पहिल्यांदा पाहिले. "शहाणे लोक आहेत का कोण आहेत? मतलबाची गोष्ट मांगं टाकते!"

मग शेवटच्या मजकुरावर बोट ठेवून म्हणाले, "हे काय, बसाचं म्हणते?"

"ते औषध दिल्यावर बसतात, काका. नुसतं बसणं म्हणजे इलाज नाही."

"औषधाले बंदी आहे. बसाले त बंदी नाई ना?"

मला वाटलं होतं, आता तरी सुटका झाली. कुठली! आता नवे प्रश्न. "बसाचं म्हणजे खाली का खाटेवर? विडी चालन काय? बसल्या बसल्या झोप लागली त फिरून पयल्यापासून बसा लागते काय?" मी गोळ्या मोजता मोजता "मला काय माहीत!" म्हणत राहिलो, फरक इतकाच की आता बंद फोन कानाला लावत नव्हतो. वडिलांच्या वर्षश्राद्धाला कॉलनीत गेलो, तेव्हा दुपारी त्यांच्या दारावरून गेलो. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, काका हातभर अंतरावर. दोघंही अंगणातल्या वाळत घातलेल्या धानाकडे पाहत होते. मला पाहून काकांनी ओठांवर बोट ठेवलं. मी चहा न घेता परतलो आणि मनात म्हणालो, या माणसापुढे कोणाचं चालणार?

कार्तिकात एका सकाळी गोळ्या आणायला म्हणून त्यांनी सायकल बाहेर काढली, स्टँडवर लावली, आणि ओट्यावर बसले ते उठले नाहीत. हृदय बंद पडलं. माझ्या दुकानात त्या महिन्याच्या पट्ट्या रबर लावून तयार होत्या. त्या मीच नेऊन दिल्या, पुढच्या महिन्याच्याही.

पुढच्या वेळी मीच जाणार होतो. पण त्याआधीच, पौषातल्या एका दुपारी, दुकानासमोर ऑटो थांबली आणि मावशी उतरल्या. एकट्या. केस विंचरलेले, हातात ती थैली. मी काउंटरच्या बाहेर आलो. त्यांनी मला हातानंच बाजूला केलं आणि थैली काचेवर ठेवली.

"चिठ्ठी आहे याच्यात," त्या म्हणाल्या.

चिठ्ठी सापडेना. थैलीतून कागदांमागून कागद निघू लागले. खताची जाहिरात, मधुमेहाची बातमी, कुठल्याशा बाबाच्या काढ्याची कात्रणं. आणि मग तो. तेलाचा डाग पडलेला अर्धा कागद, आणि त्याला पांढऱ्या दोऱ्यानं, गोणी शिवतात तसे मोठे मोठे टाके घालून जोडलेली माझी झेरॉक्स.

मावशींनी तो उलटा धरला, सुलटा धरला. त्यांची मान हलू लागली. मी पाण्याचा ग्लास घ्यायला वळणार, इतक्यात तो आवाज आला. तीन ओळी पार करून यायचा, तोच.

"काय हा बयाड बुढा! चिठ्ठी ठेवाले जागा नाई, आन् पेपर शिवून ठेवते! थैलीची कचरापेटी केली यानं, जळो याचं वाचणं! आता कोणाच्या डोक्यावर मारू मी हे?"

रस्त्यापलीकडचा पानवाला पुन्हा उठून उभा राहिला. आणि मी, काही विचार न करता, दारापलीकडे, काका बसायचे त्या बाकाकडे पाहिलं. बाकावर कोणाचं तरी हेल्मेट ठेवलेलं होतं.