नाव घेईपर्यंत

सरजाबाई सरवदे मुरुडजवळच्या एका आरोग्य केंद्रात नर्स होत्या. त्या काळी पेशंटला लातूरच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं, की तो एसटीनं जायचा, ती भलीमोठी इमारत बघून बावरायचा, पायरीवर बसून भाकर खायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. वर तोंड करून सांगायचा, "आलो की दाखवून!" आत पाऊलसुद्धा टाकलेलं नसायचं.

मग सरजाबाईच सोबत जायला लागल्या. पेशंटचा हात वॉर्डातल्या सिस्टरच्या हातात द्यायच्या आणि ती त्याला नावानं हाक मारेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत.

"बाई, पेशंट सोपवताय का लेक नांदायला धाडताय?" सिस्टर खेकसायच्या.

"लेकच समजा. नाव घ्या आधी."

जाताना मांडीवर कुणाचं तरी कण्हणारं डोकं असायचं. येताना मांडी रिकामी, खिडकीतून वारा, आणि मुरुड येईपर्यंत गाढ झोप. तशी झोप निवृत्तीनंतर बाईंना कधी लागली नाही.

यंदा बाईंच्याच छातीत कळ आली. केंद्रातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आत्ताच्या आत्ता लातूर, हृदयाच्या डॉक्टरांकडे. दारात ॲम्ब्युलन्स उभी, आणि बाई खाटेवरून उठायला तयार नाहीत.

"तू येतीस का संगं?" त्यांनी बुद्धप्रियाला विचारलं. ही आताची नर्स, बाईंच्याच हाताखाली शिकलेली.

"बाई, आज लसीकरण हाय. बाया लेकरं घेऊन बसल्यात. मी तिकडं फोन लावते ना."

"फोननं हात धरता येतो व्हय?"

खरं म्हणजे बाई घाबरल्या होत्या, दुसरं काही नाही. इतक्यांचे हात सोपवले. आता स्वतःचा कोण सोपवणार?

बुद्धप्रिया तडकली. "दुसऱ्या कुणी असा हट्ट केला असता तर तुम्ही कानाखाली वाजवली असती. उठा!"

बाई उठल्या.

लातूरला गाडीचं दार उघडलं तर समोर एक तरुण सिस्टर, कानाला फोन लावून उभी. "सरजाबाई सरवदे? मी पुनम." तिनं बाईंचा हात धरला आणि फोन त्यांच्यापुढं केला. फोनमधून लेकरांचा एकच गलका.

"बाई, घेतलं का नाव?" बुद्धप्रिया ओरडली.

"घेतलं गं." बाई म्हणाल्या. "ठेव आता. तिकडं लेकरं खोळंबलीत."

पुनमचा हात मात्र त्यांनी घट्ट धरूनच ठेवला.