भोपळ्याची पहिली चीर

लातूरच्या माझ्या स्वयंपाकघरात दोन पाती आहेत, आईची विळी आणि बाबांची सुरी. दोघंही आता नाहीत. विळी रोज लागते, सुरी मात्र भोपळा आला तरच बाहेर निघते.

हदगावला आमच्या घरी आई विळीवर सगळं चिरायची, अगदी उसाची कांडीसुद्धा. पण अख्खा भोपळा बाईनं चिरायचा नाही, पहिली चीर पुरुषाची, हा तिचा कडक नियम. "आवं, आयकलं का? भोपळा हाय," अशी हाक गेली की बाबा बाहेर ओट्यावर पेपर टाकून उठायचे. एरवी हा माणूस जेवणापुरताच आत यायचा. सुरी त्यांनी लोहाराकडून ट्रकच्या जुन्या पाट्याची करून घेतलेली, काळी आणि जड. एका दणक्यात भोपळ्याचे दोन! मग "अवघड कामं असली की सांगत जा" अशी बढाई मारत तिथंच बसून चहा प्यायचे. आई म्हणायची, "लई शाणे!"

बाबा गेले त्या वर्षी आईनं सुरी मला दिली. पातं हातात दिलं की भांडण होतं, म्हणून फरशीवर ठेवली आणि म्हणाली, "उचल." आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. त्यानंतर शेतातून आलेले भोपळे ती अख्खेच वाटून टाकायला लागली. शेजारच्या काकांना बोलावू का, असं एकदा विचारलं तर माझ्या अंगावरच आली.

दोन वर्षांपूर्वी ती टायफॉइडमधून उठली, तेव्हा मी तिला लातूरला आणलं. जेवण जाईना. दोन घास झाले की ताट सरकवायची. गळ्याची हाडं दिसायला लागली आणि मला धडकी भरली. एका दुपारी आपणहून म्हणाली, "भोपळ्याच्या घाऱ्या खाव्या वाटून राहिल्या." त्या गोड पुऱ्या तिनं बाबांच्या मागं कधी केल्याच नव्हत्या. मी पळत जाऊन भोपळा आणला. नवरा नेमका नांदेडला गेलेला.

"उद्या जावई आले की चिरतील," आई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "उद्यापर्यंत तुझी भूक थांबणार आहे का? खड्ड्यात गेला तो नियम!" म्हणत मी सुरी घातली. ती देठात अशी रुतली की पुढं जाईना, मागं येईना. आई दाराला टेकून बघत होती. आता ही रडणार आणि घाऱ्यांना हातही लावणार नाही, असंच मला वाटलं.

"आगं, काय करून राहिलीस? देठावर कशाला घालतीस? बाजूनं टोक रोव, अन् मुठीवर भार दे."

तसं केलं आणि भोपळा उघडला.

तिनं तीन घाऱ्या खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं. माझा जीव भांड्यात पडला. मग कुठं विचारायचं सुचलं, "आई, तुला कसं गं ठाऊक?"

"न ठाऊक असायला काय झालं? तुझे बाबा गावाला गेले की मीच चिरायची की."

"मग इतकी वर्षं त्यांना हाका का मारल्यास? आणि ते गेल्यावर अख्खे भोपळे का वाटलेस?"

आईनं बोटाचं तूप पदराला पुसलं.

"हाक मारली की आत येऊन घडीभर बसायचे, बाई. आता कुणाला हाक मारू?"